रेश्माच्या मनगटावरचा रिसीव्हर

मी आयुष्यभर रेडिओचे रिसीव्हर बनवले, असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हमखास सहानुभूती उमटते. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी तर त्यांचा जुना ट्रान्झिस्टर माझ्या हातात आणून ठेवला होता. "जरा बघ गं, खरखर करतोय." मी तो मुकाट्याने दुरुस्त करून दिला. नाही म्हटलं असतं तर माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीबद्दल सोसायटीत कुजबुज सुरू झाली असती.

माझे रिसीव्हर गाणी वाजवत नाहीत. ते तुमच्या गाडीच्या किल्लीची हाक ऐकतात, कानाच्या मशीनमध्ये बसतात, दाराच्या बिनतारी घंटीत असतात. त्यांना लांबचं काही ऐकायचं नसतं, एका घरापुरतं किंवा एका इमारतीपुरतं ऐकलं की झालं. मात्र घड्याळात असतो तसा चपटा, नाण्याएवढा सेल त्यांना मिळतो आणि त्यावर त्यांनी वर्षभर जगावं अशी अपेक्षा असते.

आता यात अवघड काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही नोकरीच्या सुरुवातीला तसंच वाटायचं. बिनतारी यंत्रात बोलणाऱ्याचं काम सोपं असतं. त्याला बोलायचं असेल तेव्हा तो जागा होतो, दोन शब्द बोलतो आणि परत झोपतो. ऐकणाऱ्याची मात्र पंचाईत असते. समोरचा कधी बोलणार हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून त्याला सतत कान टवकारून बसावं लागतं आणि नुसतं बसून राहण्यातच त्याचा सेल संपतो. यावर आमच्या धंद्यातला एक उपाय असा, की मोठ्या रिसीव्हरला झोपवून ठेवायचं आणि त्याच्या दाराशी एक छोटासा पहारेकरी बसवायचा. या पहारेकऱ्याला फारसं काही कळत नाही. ठरावीक पद्धतीने दार वाजलं की घरातल्यांना उठवायचं, एवढंच त्याला येतं. तो इतकी कमी वीज खातो की सेलला त्याचा पत्ताही लागत नाही. असे पहारेकरी बनवणं हे माझं काम होतं. माझा नवरा म्हणतो, "हिने जगातल्या सगळ्या यंत्रांना ऐकायला शिकवलं, घरात मात्र मी चारदा हाका मारतो." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, पण इथे तो विषय नाही.

आमची कंपनी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत होती. खाली पुठ्ठ्याचे खोके बनवणारे, समोर अगरबत्तीवाले, आणि मधल्या मजल्यावर आम्ही. मनोहर आणि मी अगदी पहिल्यापासून तिथे होतो. मी चिप डिझाइन करायची, मनोहरने ती सर्किटच्या पट्टीवर बसवून माणसांच्या उपयोगाची करायची, अशी आमची वाटणी. चिपचं चित्र आम्ही इथे काढतो, ती छापून येते परदेशातून, आणि तिला यायला महिनोन् महिने लागतात. आल्यावर चूक सापडली तर खोडरबर चालत नाही. त्यामुळे या धंद्यातली माणसं एकतर देवभोळी होतात किंवा किरकिरी. मनोहर देवभोळा झाला.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक पांढरा फळा होता. ज्याचं सर्किट सगळ्यात कमी करंट खाईल त्याचं नाव त्या फळ्यावर सगळ्यात वर. बक्षीस वगैरे काही नव्हतं, पण त्या जागेसाठी आम्ही अक्षरशः एकमेकांच्या जिवावर उठायचो. कोणी काहीही नवीन बनवलं की पहिला प्रश्न एकच असायचा, "करंट किती?" यंत्र चालतंय की नाही हे नंतर. प्रत्येक टेबलावर मीटर आणि त्याच्या लांबलचक लाल-काळ्या वायरी असायच्या. कुठलंही सर्किट त्या वायरींना जोडल्याशिवाय आम्हाला चैनच पडायचं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग यायची. एका सिनेमावाल्याला रबरी नाग हवा होता. दिग्दर्शकाने बटण दाबलं की फणा हलला पाहिजे, आणि सेल बदलायला नागाचं पोट सारखं फाडावं लागता कामा नये. त्या नागाने आमच्याकडे उत्तम काम केलं आणि पडद्यावर त्याहून बरं. घाटकोपरच्या एका सोसायटीत आमचे पाण्याचे मीटर बसवले होते. रीडिंग घेणाऱ्या माणसाने जिन्यात उभं राहून हाक दिली की प्रत्येक घरातला मीटर जागा होऊन आकडा सांगायचा. सगळं छान चाललं होतं, पण नवरात्रात भराभर सेल संपले. इमारतीला सोडलेल्या स्वस्तातल्या रोषणाईच्या माळा हवेत इतका गोंगाट करत होत्या, की प्रत्येक लुकलुकीला आमचा पहारेकरी दार वाजलं म्हणून उठत होता. त्याचे कान जास्त तिखट केले की तो उगाच उठतो, कमी केले की खरी हाकसुद्धा ऐकत नाही. आमचं सगळं कसब या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात असतं. त्या वर्षी ती आम्हाला गरब्याच्या तालावर शोधावी लागली.

पण मला ज्या रिसीव्हरचा सर्वांत जास्त अभिमान आहे, तो कधी बाजारात आला नाही. कंपनीच्या जाहिरातीत त्याचं नाव नव्हतं. तो रेश्मासाठी बनवला होता.

रेश्मा आमच्या जोडणी विभागात होती. मायक्रोस्कोपखाली मोहरीएवढे भाग पट्टीवर सोल्डर करायचं तिचं काम. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघून तिला बरंचसं कळायचं, उरलेलं हातवाऱ्यांनी, आणि अगदीच अडलं तर ती मोबाइलवर टाइप करून दाखवायची. तिच्या नवऱ्यालाही ऐकू येत नाही. तो ठाण्याच्या एका छापखान्यात होता. भांडुपला डोंगरउतारावरच्या एका चाळीत ते दोघं आणि सासू सुलभाताई राहायचे. सुलभाताई एका शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायच्या आणि पहाटेच घराबाहेर पडायच्या.

रेश्माला दिवस गेले तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिला पेढे भरवले. पण बाळंतपण जवळ आलं तशी ती गप्प गप्प दिसायला लागली. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. लिहिलं होतं, "बाळाला गावी नेणार आहेत."

सुलभाताईंची मोठी बहीण, रेश्माची मावससासू, कणकवलीजवळच्या गावाहून यायची होती. रेश्मा दिवसभर घरी एकटी असणार, बाळ रडलं तर तिला कळणार नाही, म्हणून बाळ चालायला-बोलायला लागेपर्यंत मावशीने ते गावी सांभाळायचं, असं घरात ठरत आलं होतं. रेश्माच्या आईचंही तेच मत होतं. रेश्माने आणखी टाइप केलं, "मावशी वाईट नाहीत. पण बाळ माझं आहे."

बाळ रडलं की मनगटावर थरथरणारे पट्टे बाजारात मिळत होते, तिच्याकडे एक होताही. पण तो रोज चार्ज करावा लागायचा. चार्जिंगला लावला की तो फळीवर पडलेला आणि ही स्वयंपाकघरात. तेवढ्या वेळात बाळ रडलं तर? मावशीचा मुद्दा नेमका तोच होता आणि त्याला उत्तर नव्हतं.

उत्तर आमच्या कपाटात पडलेलं होतं. एका हॉस्पिटलच्या घंटीसाठी आम्ही पहारेकऱ्याची एक चिप बनवली होती, आणि गिऱ्हाइकाने मधेच तो बेत सोडून दिला होता. तिला फळ्यावर सगळ्यात वरची जागा मिळाली होती आणि त्यानंतर कोणी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मी मनोहरला म्हटलं, "पाळण्यापाशी एक माइक ठेवू. बाळ रडलं की तो बिनतारी हाक देईल. रेश्माच्या मनगटावर आपली चिप. तिने पट्टा वर्षभर काढायचाच नाही."

"अगं पण हे आपलं प्रॉडक्ट नाही," मनोहर म्हणाला. "साहेबांना काय सांगणार?"

"चाचणी चालू आहे म्हणून सांगू."

"आणि नाही चाललं तर?"

"चाललं पाहिजे रे. ती चिप मी काढली आहे."

हे मी फार तोऱ्यात म्हटलं होतं. मनोहरने पट्टा बनवायला घेतला आणि मी हाकेची खूण ठरवली, म्हणजे शेजारच्या घरातल्या कुठल्याही यंत्राच्या बडबडीने पट्टा उगाच थरथरू नये. टेबलावर सर्किट जोडलं, मीटरवरचा आकडा बघून आम्ही एकमेकांना टाळी दिली. मनोहर पाळण्याचं यंत्र घेऊन पार जिन्याच्या टोकाशी गेला, तिथून हाक दिली, आणि टेबलावरची मोटर घूंऽऽ करून थरथरली. मग आम्ही सगळं पट्ट्यात बसवलं, मनोहरने तो हाताला बांधला, जवळून एकदा हाक देऊन पाहिली. थरथरला. झकास, म्हणून आम्ही चहा प्यायला गेलो.

मुलगा झाला. बारसं झाल्यावर आम्ही दोघं पट्टा घेऊन भांडुपला गेलो. मावशी आलेल्या होत्या. उंच, काटक बाई, नाकात मोठी चमकी. त्यांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि रेश्माच्या मनगटावर स्वतः बांधला. बाळ रडलं तेव्हा रेश्मा खोलीतच कपड्यांच्या घड्या करत होती. पट्टा थरथरला, ती उठली. सुलभाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मावशी म्हणाल्या, "घरात असताना काय, ती पोराच्या तोंडाकडे बघूनच असता. पाण्याक गेली की काय?"

चाळीचा नळ गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला. पाणी यायच्या वेळेला रेश्मालाच तिथे उभं राहावं लागायचं. ती हंडा घेऊन गेली. आम्ही दारात उभे राहिलो, तिथून ती पाठमोरी दिसत होती. थोड्या वेळाने बाळ रडायला लागलं. पाळण्याच्या यंत्रावरचा लाल दिवा लागला, म्हणजे हाक गेली. रेश्मा शांतपणे हंडा भरत होती. बाळाने टिपेचा सूर लावला. रेश्माने हंडा बाजूला ठेवून कळशी नळाखाली लावली.

मावशींनी बाळाला उचललं. त्यांच्या बोलण्यात विजय वगैरे अजिबात नव्हता. "माका काय हौस नाय गो, पोर आईपासून तोडूची. पण ही नळार, आणि हय ह्या रडान निळा पडला, तर कोणाक दिसतला?"

कळशी घेऊन रेश्मा आली तेव्हा तिने आमचे चेहरे पाहिले आणि तिला सगळं कळलं. तिने कळशी जागेवर ठेवली, हात पुसले आणि बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांच्या शिव्या मी पुष्कळ खाल्ल्या, पण त्या पाठमोऱ्या मुलीइतकं कशाचंच वाईट वाटलं नाही. मावशींना पेरणीच्या आधी गावी पोहोचायचं होतं. रविवारी निघायचं असं त्यांनी आमच्यासमोरच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मनोहरने पट्टा उघडून टेबलावर ठेवला. पाळण्याचं यंत्र घेऊन जिन्यात उभ्या केलेल्या शिपायाने हाक दिली की काही नाही. चिप बदलली, सेल बदलला, काही नाही. मी डोक्याला हात लावून बसले. माझीच चिप बहिरी निघाली असं मला वाटायला लागलं होतं.

"वाट लागली यार," मनोहर म्हणाला. "थांब, निदान करंट बघू दे."

त्याने मीटरच्या वायरी सर्किटला लावल्या. जिन्यात उभ्या असलेल्या शिपायाने त्याच क्षणी हाक दिली आणि मोटर घूंऽऽ.

"लागला!" मनोहर ओरडला. "सैल कनेक्शन असणार." त्याने वायरी काढल्या. परत हाक. शांतता.

"परत लाव," मी म्हटलं.

त्याने लावल्या. घूंऽऽ.

"काढ."

शांतता.

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मला एकदम हसू फुटलं. रिसीव्हरला ऐकायला अँटेना लागतो, म्हणजे धातूची एक तार. आम्ही पट्ट्यात बसवलेला अँटेना इवलासा होता, आणि मनगटाचं मांस त्याच्याशेजारी आलं की तो जवळजवळ निकामी व्हायचा. आमच्या चाचण्यांत खरं ऐकण्याचं काम केलं होतं त्या लाल-काळ्या लांबलचक वायरींनी. करंट बघायचा सोस इतका, की वायरी काढून लांबून हाक देऊन बघायचं कोणालाच सुचलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसाने आधी यंत्र चालवून पाहिलं असतं. फळ्यावर पहिल्या आलेल्या चिपचं अर्धं श्रेय मीटरच्या वायरींना होतं.

"फळा पुसून टाकू का?" मनोहरने विचारलं.

"नंतर. आधी ही तार मनगटावर कशी बसवायची ते सांग."

उपाय मला सुचला, आणि हे मी अजिबात विनय न करता लिहिते आहे. तार सरळ ठेवायचीच नाही, पट्ट्याच्या आतून मनगटाभोवती गोल फिरवायची. बांगडीसारखा वळसा घातलेला अँटेना शरीराला खेटून असला तरी फारसा बिचकत नाही. आम्ही तांब्याची पातळ पट्टी पट्ट्याच्या कापडात शिवली आणि बकल लागलं की वळसा पूर्ण होईल अशी सोय केली. मी तो माझ्या हाताला बांधून सूर जुळवला, म्हणजे रेडिओची खुंटी पिरगाळून स्टेशन लावतात तसं, फक्त इथे खुंटीऐवजी एक बारीक भाग बदलत जायचं. जुळला. मग आमच्या रिसेप्शनच्या मुलीच्या हाताला बांधला, तर उतरला. तिचं मनगट बारीक. सूर मनगटागणिक बदलत होता.

मी सुलभाताईंना फोन केला. "रेश्माला घेऊन या. तिचं मनगट इथे हवं."

शनिवारी दुपारी तिघं रिक्षातून उतरली, रेश्मा, सुलभाताई आणि सुलभाताईंच्या हातात बाळ. मावशी आल्या नाहीत. बाळ जोडणी विभागात इतक्या हातांतून फिरलं की शेवटी आपली आजी कोणती हेच त्याला कळेना. रेश्मा माझ्या टेबलाशी बसली. पट्टा बांधायचा, जिन्यातून हाक द्यायची, माझ्या पडद्यावर किती ऐकू आलं ते बघायचं, पट्टा काढायचा, भाग बदलायचा. पहिला भाग मनोहरने बदलला. दुसऱ्या वेळी रेश्माने त्याच्या हातातून सोल्डरिंगची कांडी काढून घेतली, मायक्रोस्कोप स्वतःकडे ओढला आणि आपल्या पट्ट्यातला भाग आपणच बसवला. पुढचे सगळे भाग तिनेच बदलले. ते तिचं रोजचंच काम होतं, पण त्या दिवशी तिची मान मायक्रोस्कोपवरून वर उठतच नव्हती.

सूर जुळला. मनोहर आधी जिन्यात, मग खालच्या खोकेवाल्यांच्या दारात, मग रस्ता ओलांडून अगरबत्तीवाल्यांकडे गेला. दर वेळी तो फोनवर "आता!" म्हणायचा आणि त्याच वेळी रेश्मा हात वर करायची. रस्त्यापलीकडून हाक आली तेव्हा तिने दोन्ही हात वर केले. वायरी कुठेही लावलेल्या नव्हत्या. मी तीनदा खात्री करून घेतली.

रविवारी सकाळी आम्ही भांडुपला पोहोचलो तेव्हा मावशी प्रवासाचं नेसून बसल्या होत्या. गाडीला अजून अवकाश होता. सुलभाताईंनी चहा दिला. नळाला पाणी आलं आणि रेश्मा हंडा घेऊन गेली. आम्ही पाळण्याभोवती बसून बाळ रडायची वाट बघू लागलो. आणि बाळ असं गाढ झोपलं होतं की बोलायची सोय नाही. इतर वेळी चाळ डोक्यावर घेणारं ते पोर झोपेत हसतसुद्धा होतं.

"हळूच चिमटा काढू का?" मनोहर माझ्या कानात पुटपुटला. मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने चहाचा कप तोंडाला लावला.

शेवटी बाळाने तोंड वाकडं केलं, मूठ चोखून पाहिली आणि भोकाड पसरलं. दिवा लागला. मी जागची हलले नाही, दाराकडे बघायचंही मला धाडस होईना. सुलभाताईंनी पदर तोंडाशी धरला होता. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पाळण्याकडे वळल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

गॅलरीत धपधप पावलं वाजली. कोणीतरी बाई ओरडली, "अगं ए रेश्मा, नळ! नळ तरी बंद कर!" तो ओरडा सबंध चाळीला ऐकू गेला, फक्त जिच्यासाठी होता तिला नाही. रेश्मा ओल्या पायांनी आत आली, मावशींच्या हातांखालून वाकून तिने बाळाला उचललं आणि छातीशी धरलं. बाळ हुंदके देत गप्प झालं. तिचं ओलं मनगट अजून थरथरत होतं.

मावशींचे हात तसेच पुढे राहिले होते. त्यांनी ते हळूच मागे घेतले, पदराला पुसले.

"धावता बरी," त्या म्हणाल्या.

मग त्या खाली बसल्या, आपल्या पिशवीची चेन उघडली, आणि वर ठेवलेली बाळाची झबली, टोपडी, दुपटी एकेक करून बाहेर काढून पलंगावर रेश्माच्या बाजूला ठेवू लागल्या.